पीक वाढले, पैसा आटला

एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू या. एका वाडीत यंदा शंभर करंड्या चिकू निघाला. पुढच्या वर्षी त्याच वाडीत एकशेवीस करंड्या निघाला. वाडीवाल्याला पैसे कोणत्या वर्षी जास्त मिळाले?

"यात विचारायचे काय? दुसऱ्या वर्षी!" असे तुम्ही चटकन सांगाल. पण डहाणू, घोलवड, बोर्डी या बाजूच्या एखाद्या जुन्या बागायतदाराला हाच प्रश्न विचारून पाहा. तो आधी तुम्हालाच उलट विचारील, "बाकीच्यांच्या वाड्यांत किती निघाला?"

त्याच्या या उलट प्रश्नात फार मोठे शास्त्र दडलेले आहे. ते कसे, हे आज आपण पाहणार आहोत. त्यासाठी आधी चिकूच्या झाडाची ओळख करून घेऊ, मग थोडे अंकगणित करू आणि शेवटी दीडशे-दोनशे वर्षे मागे जाऊन इंग्लंडमधल्या एका वेलीची हकिकत ऐकू.

मेक्सिकोचे झाड घोलवडच्या मातीत

चिकू आज आपल्याला इतका घरचा वाटतो की तो परदेशी आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. त्याचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथल्या रानात त्याच्या खोडाला चिरा पाडून निघणारा पांढरा चीक गोळा करीत आणि तो आटवून चघळण्याचा गोंद, म्हणजे च्युइंग गम, बनवीत. महाराष्ट्रात चिकूची लागवड प्रथम १८९८ मध्ये घोलवड येथे झाली. समुद्राची दमट हवा आणि चुन्याचा अंश असलेली जमीन या झाडाला मानवली. पुढे डहाणू तालुक्याच्या किनारपट्टीवर चिकूच्या वाड्या पसरत गेल्या. आज पालघर जिल्ह्यात सुमारे ५,००० हेक्टर जमिनीवर चिकू उभा आहे. 'कालीपत्ती' ही इथली मुख्य जात. २०१६ मध्ये 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसरीकडच्या चिकूला हे नाव लावून विकता येत नाही.

या फळावर केवळ बागायतदारच अवलंबून नाही. फळे तोडणारे, ती धुऊन निवडणारे, करंड्या भरणारे, टेम्पो चालवणारे अशा कितीतरी माणसांची रोजी त्यात आहे. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवरील अनेक आदिवासी कुटुंबे वाड्यांत मजुरीला येतात. शिवाय १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगधंद्यांवर मर्यादा घातल्या. त्यामुळे इथे शेतीबागायतीचे महत्त्व अधिकच आहे. चिकूचा भाव कोसळला तर त्याचा धक्का बागायतदाराच्या वहीपुरता राहत नाही, तो मजुराच्या चुलीपर्यंत पोहोचतो.

संथ झाड, घाईचे फळ

चिकूच्या दोन गोष्टी नीट ध्यानात ठेवा. पुढचे सारे त्यांच्यावरच उभे आहे.

पहिली गोष्ट ही की झाड फार संथ आहे. खिरणीच्या रोपावर चिकूचे कलम बांधून ते लावतात. तीन-चार वर्षांनी थोडी फळे दिसू लागतात. मनाजोगते पीक यायला सात-आठ वर्षे जातात. पण एकदा जम बसला की झाड कित्येक दशके फळ देत राहते. फूल आल्यापासून फळ तयार व्हायलासुद्धा सात ते दहा महिने लागतात. म्हणूनच चिकूच्या झाडावर फुले, कोवळी फळे आणि तोडणीला आलेली फळे एकाच वेळी दिसतात. आज भाव चांगला आहे म्हणून उद्या जास्त फळ आणू, असे या झाडापाशी चालत नाही.

दुसरी गोष्ट ही की फळ फार घाईचे आहे. चिकू झाडावरून कडक असतानाच उतरवतात. तोडल्यावर फळात इथिलीन नावाचा वायू तयार होतो आणि त्याच्या परिणामाने फळ काही दिवसांत मऊ व गोड होते. त्यानंतर ते लगेच उतरू लागते. बटाट्यासारखे शीतगृहात महिनोन् महिने ठेवावे म्हटले तर तेही जमत नाही. उष्ण प्रदेशातले हे फळ फार थंडीत ठेवले तर त्याची पिकण्याची क्रियाच बिघडते आणि ते धड पिकत नाही. तेव्हा जे तोडले ते आठवडाभरात खपलेच पाहिजे.

त्यात निसर्गाची लहर असतेच. पावसाळ्यात हवा सतत ओली राहिली की बुरशीमुळे कोवळी फळे गळून पडतात. एक अळी पाने आणि कळ्या खाते, तर दुसरी फळात शिरून थेट बी पोखरते. ही दुसरी अळी फारच फसवी. फळ बाहेरून चांगले दिसते आणि ती बाहेर पडताना छिद्र पाडते तेव्हाच नुकसान कळून येते. कधी वादळ येते. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा वाड्यांचे नुकसान झाले. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२० मध्ये, तोडणीचा भर असतानाच टाळेबंदी आली. झाडावर फळ होते, पण बाजार आणि वाहतूक विस्कळीत झालेली होती.

आता अंकगणित

आपल्या प्रश्नाकडे परत येऊ. समजा एक लहान गाव आहे. त्याच्या बाजारात नेहमी १०० करंड्या चिकू येतो आणि करंडीला २०० रुपये भाव मिळतो. तोडणी, भरणी आणि गाडीभाडे मिळून करंडीमागे ६० रुपये खर्च होतो. एकूण विक्री २०,००० रुपये, खर्च ६,००० रुपये आणि हाती राहिले १४,००० रुपये.

पुढच्या वर्षी सगळ्याच वाड्यांना फळ चांगले लागले आणि १२० करंड्या आल्या. पण गावातली माणसे तेवढीच आणि त्यांची पोटेही तेवढीच. रोज दोन चिकू खाणारा माणूस केवळ स्वस्त झाले म्हणून रोज आठ चिकू खात नाही. शिवाय फळ टिकणारे नाही. उरलेला माल संध्याकाळी घरी नेण्यापेक्षा मिळेल त्या भावाला द्यावा असे प्रत्येक विक्रेत्याला वाटते. समजा भाव १०० रुपयांवर आला. विक्री झाली १२,००० रुपये. खर्च मात्र वाढला, कारण १२० करंड्या तोडायच्या आणि वाहायच्या होत्या. तो झाला ७,२०० रुपये. हाती राहिले अवघे ४,८०० रुपये!

आता उलट पाहा. तिसऱ्या वर्षी फळ कमी आले, फक्त ८० करंड्या. भाव चढून ३०० रुपये झाला. विक्री २४,००० रुपये, खर्च ४,८०० रुपये आणि हाती राहिले १९,२०० रुपये.

पीक एक पंचमांशाने वाढले तर शिल्लक एक तृतीयांशावर आली आणि पीक एक पंचमांशाने घटले तर शिल्लक वाढली. बागायतदाराने तुम्हाला तो उलट प्रश्न का विचारला, ते आता लक्षात आले ना?

पण इथे एक सावधगिरी हवी. "मग पीक कमी आलेलेच बरे!" असे म्हणू नका. हे १९,२०० रुपये सर्व वाड्यांचे मिळून आहेत. अळी किंवा वादळ काही सर्वांना सारखे वाटून येत नाही. ज्याची वाडी वाचली त्याला चढा भाव मिळतो. ज्याची गेली त्याच्याकडे विकायलाच काही नसते. त्याला भाव तीनशे काय आणि तीन हजार काय, सारखेच.

भाव बदलला तरी लोकांची खरेदी फारशी बदलत नाही अशा मागणीला अर्थशास्त्रात ताठर मागणी म्हणतात. मागणी ताठर असली की मालातील लहान फरकाने भावात मोठा फरक पडतो. ही गोष्ट लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चार्ल्स डेव्हनंट या इंग्रज लेखकाने १६९९ मध्ये धान्यासंबंधी असा हिशोब छापला होता की पीक एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशाने चढतो आणि पीक निम्मे झाले तर भाव नेहमीच्या साडेपाचपट होतो. हा हिशोब ग्रेगरी किंग याच्या नावाने 'किंगचा नियम' म्हणून ओळखला जातो.

केंट परगण्यातील वेल

समजावून सांगण्यासाठी आपण एक काल्पनिक गाव घेतले. खरोखरीच असे घडते का? हे तपासायला पुष्कळ वर्षांच्या नोंदी हव्यात. अशा नोंदी इंग्लंडमधल्या हॉप नावाच्या पिकाच्या मिळतात.

हॉप ही एक वेल आहे. तिची मुळे जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात आणि दर वसंतात नवे कोंब उंच खांबांवर व दोऱ्यांवर चढतात. तिच्या मादी वेलीला लहान शंकूसारखी फुलोऱ्याची बोंडे येतात आणि त्यांत पिवळी, कडू भुकटी असते. सातूपासून बनवलेल्या बिअर या पेयाला कडसर चव यावी आणि ते लवकर आंबून बिघडू नये म्हणून ही बोंडे त्यात घालतात. लंडनच्या आग्नेयेला असलेला केंट परगणा या वेलीसाठी प्रसिद्ध. बोंडे तोडायच्या दिवसांत पूर्व लंडनमधली गरीब कुटुंबे मुलाबाळांसह केंटमध्ये जाऊन राहत आणि थोडेफार पैसे गाठीला बांधून परतत. वेल फळली नाही तर तीही मिळकत बुडे.

१७११ पासून १८६२ पर्यंत इंग्लंडात हॉपवर वजनाप्रमाणे कर होता. त्यामुळे कर किती जमला यावरून पीक किती आले ते समजते. १८२५ मध्ये हा कर सुमारे २४ हजार पौंड जमला आणि लगेच दुसऱ्या वर्षी, १८२६ मध्ये, सुमारे २ लाख ६९ हजार पौंड. एका वर्षात अकरा पट! पीक इतके बेभरवशाचे होते की यंदा कर किती जमेल यावर लोक चक्क पैजा लावीत.

नंतरच्या काळातले आकडे पाहा. १९०४ मध्ये इंग्लंडचे हॉपचे पीक सुमारे १४ हजार टन होते, १९०५ मध्ये सुमारे ३५ हजार टन आणि १९०६ मध्ये सुमारे साडेबारा हजार टन. या तिन्ही वर्षांत वेलीखालची जमीन जवळजवळ तेवढीच होती, पन्नास हजार एकरांच्या थोडी आत. फरक पडला तो हवेमुळे, बुरशीमुळे आणि मावा नावाच्या किडीमुळे. हा मावा हिवाळा अलुबुखारच्या जातीच्या झाडांवर काढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उडून हॉपवर येतो. त्याला खाणारे ठिपक्यांचे लाल किडे त्या वर्षी भरपूर असले तर पीक वाचते, नाहीतर वेल काळी पडते.

काडेचिराइताला मागणी

१८८२ हे साल केंटमध्ये फार वाईट गेले. माव्याने आणि खराब हवेने पीक बुडाले. बिअर बनवणाऱ्यांना प्रत्येक पिंपामागे हॉप थोडाच लागतो, पण त्यावाचून चालत नाही. म्हणजे मागणी पक्की ताठर. भाव नेहमीच्या कित्येक पटींनी चढला. मग कडूपणासाठी दुसरे काही मिळते का, याचा शोध सुरू झाला. त्या काळी हॉपच्या ऐवजी वापरल्या गेलेल्या कडू पदार्थांत आपल्या हिमालयातले चिराईतही होते. ताप आला की ज्या काडेचिराइताचा काढा आजी नाक धरून पाजते, तेच हे! दूरच्या बेटावर एका वेलीला कीड लागली आणि हिमालयातल्या वनस्पतीला गिऱ्हाईक मिळाले.

आता पुढचा भाग नीट पाहा. १८८२ चा भाव पाहून शेतकऱ्यांना वाटले, हॉप लावण्यासारखा दुसरा धंदा नाही. १८८२ मध्ये सुमारे ६५ हजार एकरांवर असलेला हॉप १८८५ मध्ये ७१ हजार एकरांवर गेला. नव्या वेलीला पूर्ण पीक यायला तिसरे वर्ष उजाडावे लागते. म्हणजे सगळ्यांच्या नव्या वेली साधारण एकाच वेळी भरात आल्या. त्यात १८८६ मध्ये हवा अनुकूल पडली आणि सुमारे ३९ हजार टन हॉप बाजारात आला. भाव कोसळला. मग शेतकऱ्यांनी वेली उपटायला सुरुवात केली. १८८८ पर्यंत जमीन ५९ हजार एकरांच्या खाली उतरली आणि त्याच वर्षी हवा खराब होऊन पीकही फार थोडे आले!

यात मूर्ख कोणीच नव्हता. समोरचा भाव पाहून प्रत्येकाने शहाणपणाचाच निर्णय घेतला. पण सर्वांनी तोच निर्णय एकाच वेळी घेतला आणि त्याचे फळ तीन वर्षांनी हाती आले, तेव्हा परिस्थिती पालटलेली होती. हॉपला तीन वर्षे लागतात, चिकूला सात-आठ. विलंब जितका मोठा, तितके अंदाज चुकण्याचे भय अधिक.

कोळ्याचे जाळे

भावाच्या आणि पिकाच्या या झोक्याला हंगेरीत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी १९३४ मध्ये 'कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत' असे नाव दिले. हे नाव का पडले, ते तुम्ही स्वतःच आलेखाच्या कागदावर पाहू शकाल.

पहिला नियम गिऱ्हाइकाचा. १०० करंड्या आल्या तर भाव २०० रुपये. प्रत्येक जादा करंडीमागे भाव ५ रुपयांनी उतरतो आणि प्रत्येक कमी करंडीमागे ५ रुपयांनी चढतो.

दुसरा नियम बागायतदाराचा. या फेरीचा भाव पाहून तो पुढच्या फेरीचे पीक ठरवतो. भाव २०० असेल तर १०० करंड्या. भाव त्याहून जितका अधिक, त्यात दर १० रुपयांमागे २ करंड्या जादा. भाव कमी असेल तर त्याच हिशोबाने कमी.

समजा वादळ झाले आणि ९० करंड्याच आल्या. भाव झाला २५०. म्हणून पुढच्या फेरीत ११० करंड्या. भाव १५०. म्हणून त्यापुढे पुन्हा ९० करंड्या. वादळ एकदाच झाले, पण झोका थांबायला तयार नाही!

आता दुसरा नियम सौम्य करा. दर १० रुपयांमागे २ ऐवजी १ च करंडी धरा. पीक ९० वरून १०५, तिथून साडेसत्त्याण्णव असे होत होत शंभराजवळ स्थिर होते. आता नियम कडक करा. दर १० रुपयांमागे ३ करंड्या धरा. पीक ९० वरून ११५, मग साडेसत्त्याहत्तर आणि मग जवळजवळ १३४ वर जाते. तेव्हा भाव उरतो ३१ रुपये, म्हणजे तोडणीचा आणि भाड्याचा खर्चही निघत नाही. अशा वेळी फळ झाडावरच सोडून दिलेले बरे, असे बागायतदाराला वाटले तर नवल काय?

आडव्या अक्षावर करंड्या आणि उभ्या अक्षावर भाव घेऊन दोन्ही नियमांच्या रेषा काढा. मग एका रेषेवरून दुसरीवर, एकदा उभी आणि एकदा आडवी, अशी झोक्याची वाट आखत जा. सौम्य नियमात ही वाट आत आत वळत जाते आणि कोळ्याचे जाळे कागदावर उमटते.

झोका कमी कसा करावा?

खरा बाजार आपल्या कागदावरच्या बाजाराइतका सरळ नसतो. पण त्यातून दोन उपाय सुचतात. झोका दोन कारणांनी वाढतो. गिऱ्हाईक ठरावीकच माल घेते हे एक आणि सगळे बागायतदार एकाच दिशेला धावतात हे दुसरे.

पहिल्यावर उपाय म्हणजे जादा माल दुसऱ्या काळात किंवा दुसऱ्या ठिकाणी नेणे. केंटमध्ये बोंडे भट्टीत वाळवून पोत्यांत दाबून ठेवीत. एक-दोन वर्षे ती चालत, मात्र जुनी झाली की त्यांचा कस उतरे. डहाणूकडे चिकूच्या फोडी वाळवून त्यांची भुकटी आणि इतर पदार्थ करतात, ते याच कारणासाठी. ताजे फळ दूरच्या शहरांकडे रवाना होते, कारण गिऱ्हाईक वाढले की १२० करंड्यांचा भार वाटेनासा होतो. जून २०२१ मध्ये घोलवडच्या चिकूची एक खेप ब्रिटनलाही रवाना झाली.

दुसऱ्यावरचा उपाय कठीण. इंग्लंडात १९३२ मध्ये हॉप विपणन मंडळ स्थापन झाले. प्रत्येक शेतकऱ्याने किती हॉप विकावा याचा वाटा मंडळाने ठरवून दिला. १९८२ पर्यंत ही व्यवस्था चालली. तिने भावाचा झोका आवरला, पण नव्या शेतकऱ्याला आत शिरणे अवघड केले. प्रत्येक उपायाची अशी काही ना काही किंमत असते.

बागायतदाराने एकट्याने करण्यासारखेही काही आहे. एकाच पिकावर सारा भार न टाकता वाडीत नारळ, आंबा, मिरी किंवा फुलझाडे जोडीला लावणे हा त्यातला एक मार्ग. आणि दुसरा मार्ग धीर धरण्याचा. भाव चढला त्या वर्षी घाईने लावू नये आणि पडला त्या वर्षी घाईने तोडू नये. चिकूचे झाड उभे करायला आठ वर्षे लागतात, पाडायला एक दुपार पुरते. पण ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला धीर धरा असे सांगणे सोपे, पाळणे अवघड. म्हणून वाळवणी, वाहतूक, कर्ज आणि विमा यांच्या सोयी चांगल्या असणे हे कलमाइतकेच महत्त्वाचे आहे.

तुम्ही करून पाहा

एक वही घ्या. दर रविवारी तुमच्या बाजारात चिकू काय भावाने आहे ते तारखेसह लिहा. सोबत कांदा, टोमॅटो आणि मीठ यांचेही भाव लिहा. वर्षभरानंतर चौघांचे आलेख एकाच कागदावर काढा. कोणता आलेख सर्वांत जास्त झोके खातो आणि कोणता जवळजवळ सपाट आहे, ते पाहा. मग प्रत्येकाबद्दल तीन प्रश्न विचारा. ही वस्तू किती दिवस टिकते? ती तयार व्हायला किती काळ लागतो? आणि स्वस्त झाली म्हणून आपण ती किती जास्त खातो? या तीन उत्तरांतून तुमच्या आलेखाचा बराचसा अर्थ उलगडेल. वर्गातल्या मित्रांनी वेगवेगळ्या गावांतले भाव लिहिले, तर त्या वह्या शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहायला आणखी मौज येईल.